पासपोर्टातला चेहरा आणि आजचा चेहरा: परदेशी निघण्यापूर्वी काय करावं

सासूबाईंच्या पासपोर्टावरचा फोटो २०१७ सालचा. घट्ट अंबाडा, रुपयाएवढं कुंकू, भरलेले गाल. लेकीकडे न्यू जर्सीला निघाल्या तेव्हा केमोथेरपी संपून चार महिने झाले होते. डोक्याला स्कार्फ, भुवया जवळजवळ गेलेल्या, वजन अठरा किलोंनी कमी. विमानतळावर काउंटरवरच्या तरुणानं आधी फोटोकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. आणि विचारलं, "पती का नाम?" नवऱ्याचं नाव त्यांनी उखाण्याशिवाय कधी तोंडानं घेतलेलं नव्हतं. पदर सावरत त्या म्हणाल्या, "ते काय, तिकडे बसलेत." पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर छापलेलं नाव बाईंना सांगता येत नाही, असाच त्याचा समज झाला. पुढची पंचवीस मिनिटं माझ्या फोनमध्ये डिस्चार्ज कार्ड शोधण्यात गेली. विमान मिळालं, पण घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

पंधरा दिवस आधी थोडी तयारी केली असती तर हे टळलं असतं. ती तयारी कशी करायची, ते सांगतो.

१. आधी परक्या माणसाला विचारा

मोठ्या माणसांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो. दहा वर्षांत चेहरा बदलतोच, आणि घरच्यांना ते दिसत नाही, कारण ते रोज बघतात. म्हणून पासपोर्टाचं फोटोचं पान उघडून ज्याची तुमची जेमतेम ओळख आहे अशा माणसाला दाखवा. सोसायटीचा नवा वॉचमन चालेल. तो पटकन "तुमचाच की" म्हणाला तर काळजी नको. तीन-चार सेकंद थांबला, तर काउंटरवरचा माणूसही थांबणार.

अधिकाऱ्याची नजर तयार असते, तो ओळखेल, अशा भरवशावर राहू नका. ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. समोर उभा माणूस आणि फोटो एकाच व्यक्तीचे आहेत का, एवढंच त्यांना सांगायचं होतं. भलत्याच माणसाचा फोटो त्यांनी १४ टक्के वेळा 'हाच तो' म्हणून मान्य केला, आणि नोकरीत किती वर्षं काढली यानं फारसा फरक पडला नाही. अनोळखी चेहरा फोटोशी जुळवणं माणसाला मुळातच अवघड जातं. त्यामुळे समोरचा घुटमळला तर तो तुमचा अपमान करत नसतो. त्याला ठरवायला आणखी एखादा धागा हवा असतो, आणि तो धागा हातात देणं हे आपलं काम.

२. कोणता बदल खरंच अडतो ते ओळखा

केस पांढरे झाले, दाढी ठेवली, तिरुपतीला जाऊन मुंडण करून आलात, चष्मा लागला: यानं सहसा अडत नाही. उमरा म्हणजे मक्केची यात्रा करून आलेले बरेच पुरुषही डोकं भादरून परततात, विमानतळांना ते नवं नाही. चेहरा जुळवणारी यंत्रं केसांपेक्षा डोळे, नाक आणि जबडा यांच्या ठेवणीवर जास्त भर देतात.

अडतं ते हाडामांसाच्या बदलानं. नाकाची किंवा जबड्याची शस्त्रक्रिया, अपघातानंतर बसवलेला जबडा, भाजल्याचे व्रण, अर्धांगवायूनं वाकडं झालेलं तोंड, लठ्ठपणावरच्या (बॅरिएट्रिक) शस्त्रक्रियेनंतर तीस-चाळीस किलोंनी उतरलेलं वजन, स्टिरॉइडमुळे गोल सुजलेला चेहरा. सगळे दात काढल्यावर गाल आत जातात, हे आपल्याकडे कुणाच्या लक्षातच येत नाही. कवळी पिशवीत ठेवून प्रवास करणाऱ्या आजोबांना एवढंच सांगणं: रांगेत उभं राहण्यापूर्वी ती तोंडात बसवा.

अमेरिकेनं आपल्या नागरिकांच्या पासपोर्टासाठी याची सोपी फूटपट्टी दिली आहे. चेहऱ्यावरची शस्त्रक्रिया वा इजा, वजनात मोठा फरक, चेहऱ्यावर बरेच टॅटू किंवा टोचलेले दागिने: एवढं असेल तर नवा पासपोर्ट काढा. दाढी वाढवली किंवा केस रंगवले म्हणून नको. आपल्यालाही ही फूटपट्टी वापरायला हरकत नाही.

३. बदल मोठा असेल तर पासपोर्ट नवा करून घ्या

मुदत शिल्लक आहे म्हणून जुनाच चालवायचा, ही आपली काटकसरी सवय इथे महागात पडते. पासपोर्ट सेवा पोर्टलवर 'री-इश्यू' निवडा आणि कारणांमध्ये 'सध्याच्या वैयक्तिक तपशिलांत बदल' या अर्थाचा इंग्रजी पर्याय घ्या. त्याखाली 'ॲपियरन्स' असा वेगळा पर्याय आहे. कागद कोणते लागतील ते त्याच पोर्टलवरचा 'डॉक्युमेंट ॲडव्हायझर' सांगतो. मूळ जुना पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांच्या स्वतः सही केलेल्या प्रती तर लागतातच. छत्तीस पानी पासपोर्टाची नेहमीची फी १,५०० रुपये. तत्काळचे २,००० वेगळे, पण तत्काळ सगळ्याच प्रकारच्या बदलांना मिळतं असं नाही. पोलिस पडताळणीही पुन्हा होऊ शकते. तिकीट काढून मग धावपळ करण्यापेक्षा तीन महिने आधी सुरुवात करा.

फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच, 'ए' नावाच्या काउंटरवर काढतात. स्टुडिओतले फोटो न्यायची गरज फक्त चार वर्षांखालच्या मुलांसाठी. हा फोटो दहा वर्षं तुमची ओळख सांगणार, तरी लोक टोकन मिळाल्याच्या घाईत कसाही चेहरा करून बसतात. काउंटरवरच्या स्क्रीनवर फोटो दिसतो. डोळे अर्धे मिटले असतील किंवा चष्म्यावर उजेड चमकत असेल तर "परत काढता का?" असं विचारा, बहुतेक वेळा काढतात. शस्त्रक्रिया झाली असेल तर सूज पूर्ण उतरल्यावरच जा, नाहीतर सुजलेला चेहरा दहा वर्षं छापून ठेवाल.

जुन्या पासपोर्टात अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर तो बाद होत नाही. दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे. जुना पासपोर्ट रद्द करताना व्हिसाच्या पानाला धक्का लागू नये, एवढं काउंटरवर सांगा. बाकीच्या देशांचं त्या त्या दूतावासाकडून विचारून घ्या, कारण सगळीकडे हाच नियम नाही.

४. व्हिसाचा फोटो ताजाच द्या

जुन्या अल्बममधला 'बरा आलेला' फोटो व्हिसाच्या अर्जाला जोडणं हा आपल्याकडचा लाडका उद्योग. करू नका. अमेरिकेच्या व्हिसाला सहा महिन्यांच्या आतला, दोन बाय दोन इंचाचा फोटो लागतो, आणि १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा घालून काढलेला चालत नाही. ताज्या फोटोचा खरा फायदा पुढे कळतो: पासपोर्ट आठ वर्षांपूर्वीचा असला तरी व्हिसावर तुमचा आजचा चेहरा असतो. सासूबाईंना न्यू जर्सीत उतरल्यावर दोन मिनिटंही लागली नाहीत. अधिकाऱ्यानं बोटं टेकवायला सांगितली, पडद्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

५. बोटांकडे दुर्लक्ष नको

चेहऱ्यानं साथ दिली नाही की बोटांचे ठसे उपयोगी पडतात, आणि नेमकं तिथेच आपण घोळ घालतो. लग्नानंतर लगेच हनिमूनला किंवा नवऱ्याकडे परदेशी जाणाऱ्या मुलींच्या बोटांच्या टोकांपर्यंत मेंदी असते. गडद मेंदीवर स्कॅनर अडतो. म्हणून व्हिसाच्या ठशांची तारीख लग्नाआधी घ्या, नाहीतर मेंदीवालीला सांगा की बोटांची पेरं कोरी सोड. आत्या, मावश्या नाकं मुरडतील, मुरडू द्या. भांडी, चुना, सिमेंट किंवा शेतीच्या कामानं ठसे झिजतात, तेव्हा जाण्याआधी दहा-पंधरा दिवस रात्री हातांना पेट्रोलियम जेली चोळा.

केमोथेरपी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. कॅपेसिटाबिन नावाच्या औषधानं काही रुग्णांच्या तळहाताची त्वचा सोलवटते आणि ठसे पुसट होतात. सिंगापूरच्या एका ६२ वर्षांच्या रुग्णाला याच कारणानं अमेरिकेच्या विमानतळावर चार तास थांबवून ठेवलं होतं. त्याची हकीकत २००९ मध्ये एका कर्करोगविषयक वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि अशा रुग्णांनी डॉक्टरांचं पत्र बरोबर ठेवावं असा सल्ला त्याच्या डॉक्टरांनी दिला.

६. कागदांची एक पातळ फाइल करा

फोनमध्ये नको, कागदावर. फोन ऐन वेळी चार्ज संपवतो. फाइलमध्ये इतकंच:

– डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र: पासपोर्टातलं नाव तंतोतंत, पासपोर्ट क्रमांक, उपचार किंवा शस्त्रक्रियेची तारीख, चेहऱ्यात काय बदल झाला याचं एक वाक्य, रुग्णालयाचा शिक्का. दक्षिण कोरियात चेहऱ्याची शस्त्रक्रिया करून मायदेशी परतणाऱ्या परदेशी रुग्णांना तिथली काही रुग्णालयं अशीच पत्रं देतात.
– मधल्या काळातले दोन-तीन तारीखवार फोटो. जुन्या चेहऱ्यापासून आजच्या चेहऱ्यापर्यंतचा प्रवास दिसला की बघणाऱ्याचं काम निम्मं होतं.
– अलीकडचा फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र. ड्रायव्हिंग लायसन्स चालेल. आधार परदेशात उपयोगी नाही, पण निघताना इथल्या काउंटरवर आधाराला असू द्या.

७. प्रवासाच्या दिवशी

फोटोसारखं दिसायचा प्रयत्न करा. हसू नका, खरंच सांगतोय. फोटोत भांग डावीकडे असेल तर तसाच पाडा, फोटोत चष्मा नसेल तर खिडकीजवळ पोचताच तो काढा. मास्क आणि टोपी रांगेतच काढून हातात घ्या. स्कार्फ काढायचा संकोच असेल तर आधीच हळू आवाजात सांगा. बायकांची झडती पडद्याआड बाईच घेते, तिथे उघड्यावर काही काढायची गरज नाही.

चेहरा तपासणारं स्वयंचलित फाटक (ई-गेट) अडलं तर हुज्जत न घालता माणूस बसलेल्या खिडकीकडे जा. मुंबईत जानेवारी २०२५ पासून ट्रस्टेड ट्रॅव्हलर योजनेची, म्हणजे आधी नोंदणी केलेल्या प्रवाशांसाठीची, ई-गेटं आहेत. तिथे नोंदणी करतानाचा चेहरा आणि बोटं पुढे जुळवली जातात, म्हणून शस्त्रक्रिया ठरली असेल तर नोंदणी त्यानंतर करा. युरोपच्या शेंगेन देशांत ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर चेहऱ्याची नोंद घ्यायला सुरुवात झाली आहे, आणि ती तीन वर्षं ठेवली जाते.

आणि उत्तरांची तालीम करा. जन्मतारीख, आईचं नाव, पत्ता, मागच्या प्रवासाचं साल, आणि हो, नवऱ्याचं नाव. सासूबाईंनी परतीच्या आधी आठवडाभर लेकीसमोर सराव केला. पहिल्या दिवशी नुसतं "श्री." म्हणून थांबल्या म्हणे.

८. मुलांचं वेगळं

सहा महिन्यांच्या बाळाचा पासपोर्ट पाच वर्षं चालतो, आणि चौथ्या वर्षी तो फोटो कुणाचाही असू शकतो. जन्मदाखल्याची प्रत बरोबर ठेवा. परदेशी जन्मलेल्या मुलांचं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असेल तर वीस वर्षांचं होईपर्यंत दर नव्या पासपोर्टाबरोबर पासपोर्टाची प्रत आणि ताजा फोटो ऑनलाइन चढवायचा असतो, तीन महिन्यांच्या आत. पुढे पन्नाशी उलटल्यावर पुन्हा एकदा.

९. तरीही थांबवलं तर

आवाज चढवू नका. "माझा चेहरा आजारपणामुळे बदलला आहे, हे पत्र बघा" इतकं एक वाक्य हिंदीत आणि इंग्रजीत पाठ असू द्या. काउंटरवरचा कनिष्ठ कर्मचारी निर्णय घ्यायला कचरतो, कारण कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला बसतो. म्हणून लगेच ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा. परदेशात बाजूच्या खोलीत नेलं तर घाबरायचं नाही. फाइल टेबलावर ठेवा, विचारतील तेवढंच सांगा, दुभाषा हवा असेल तर मागा. विमान सुटलंच, तर नाकारण्याचं कारण लेखी घ्या आणि तिकीट त्याच काउंटरवर बदलून मागा. घरी येऊन फोनवर मागितलं तर नियम बदललेले असतात.