दाढ गमावल्यावर दात घासायला शिकलो

खालची डावी दाढ काढली तेव्हा मी 41 वर्षांचा होतो आणि माझ्या दात घासण्याचा मला भलताच अभिमान होता. सकाळ-रात्र, कडक ब्रशने, खसाखसा. डॉक्टरबाईंनी काढलेली दाढ चिमट्यात धरून माझ्यासमोर फिरवली. वरून, बाहेरून, आतून स्वच्छ. शेजारच्या दाताला टेकणाऱ्या बाजूला मात्र काळं भोक. "इथं ब्रश जातच नाही हो," त्या म्हणाल्या. दाढेच्या पाच बाजू असतात, त्यातल्या तीनच ब्रशला सापडतात. उरलेल्या दोन मी जन्मात कधी धुतल्या नव्हत्या.

तेव्हापासून रात्री आधी फटी, मग ब्रश. फ्लॉसचा, म्हणजे दातांमधल्या फटी साफ करायचा, हातभर दोरा तोडायचा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा आणि अंगठा व तर्जनीत इंचभरच ताणून धरायचा. फटीत तो करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे करत उतरवायचा. खटकन दाबलात तर हिरडी कापते. खाली पोचला की एका दाताला चंद्रकोरीसारखा बिलगवून हिरडीच्या कडेखालून वर खरवडत आणायचा, मग त्याच फटीतल्या दुसऱ्या दाताला. नुसता आत-बाहेर केला तर अडकलेला कण निघतो, जंतूंचा चिकट थर तसाच राहतो. पहिल्या दिवशी दोरा हुंगून बघा. मी बघितला आणि बायको इतकी वर्षं काय सहन करत होती ते समजलं. फटी मोठ्या असतील तर दोऱ्यापेक्षा फटीत घालायचा बारीक ब्रश बरा.

पहिले काही दिवस रक्त येईल. तिथेच बहुतेक लोक सोडून देतात. मीही एकदा सोडलं होतं. रक्त येतं ते हिरडी साचलेल्या थरामुळे सुजलेली असते म्हणून. थर निघत राहिला की सहसा एक-दोन आठवड्यांत ते थांबतं. थांबलं नाही तर दाखवून घ्या, कारण सूज या टप्प्यावर पूर्ण उतरते. दाताभोवतीचं हाड एकदा झिजलं की ते आपसूक भरून येत नाही.

आता ब्रश. मऊच घ्या. डोकं तिरकं धरून केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर टेकवायचे आणि जागच्या जागी थरथरवल्यासारखे हलवायचे. माझ्या खसाखसा घासण्याने सुळ्यांच्या मुळाशी खाचा पडल्यात, गार पाणी लागलं की अजून कळ जाते. वेळ दोन मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं, माझं 45 सेकंदांत उरकत होतं! डॉक्टरबाईंनी एक रंगाची गोळी चघळायला दिली, उरलेला थर तिने रंगतो. आरशात बघतो तर पुढच्या खालच्या दातांची आतली बाजू आणि शेवटच्या दाढेची पाठ लालभडक. त्या आतल्या बाजूला जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं उघडतात, लाळेतले क्षार थरावर बसतात आणि किटण सगळ्यात लवकर तिथेच धरतं. म्हणून मी सुरुवातच तिथून करतो. धरलेलं किटण ब्रशने निघत नाही, ते डॉक्टरांकडूनच काढायचं. त्याने दात हलायला लागतात ही भीती सोडा. किटण बसलं होतं तिथे मोकळं लागतं, इतकंच.

पेस्ट फ्लोराइडची हवी. मोठ्यांसाठी पाकिटावर 1000 ते 1500 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग फ्लोराइड) लिहिलेलं बघा. घासून झाल्यावर थुंका, पण चुळा भरू नका, नाहीतर फ्लोराइड पाण्याबरोबर वाहून जातं. हे मला सगळ्यात जड गेलं. महिनाभर हात आपोआप तांब्याकडे जायचा. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून सकाळ आणि रात्र या दोन्हींत रात्रीचं घासणं कधीच चुकवायचं नाही.

खाण्यात साखर किती यापेक्षा किती वेळा, हे मोजा. गोड तोंडात गेलं की तिथले जंतू आम्ल करतात, ते दाताचा वरचा थर विरघळवतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास तरी लागतो. मी कामाच्या टेबलावर गोड पेयाचा एकच ग्लास दुपारभर घोट घोट पुरवायचो, म्हणजे दात दुपारभर आम्लात. आता जेवणाबरोबर एकदाच पितो. आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर मात्र लगेच ब्रश नको, नुसत्या पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबा.

तपासणीला दुखायची वाट बघू नका. दाताच्या वरच्या कठीण थराला संवेदनाच नसते, त्यामुळे ठणका लागतो तेव्हा कीड बरीच खोल गेलेली असते. फटीतली कीड नुसती बघून कळत नाही, क्ष-किरण फोटोत दिसते. किती महिन्यांनी यायचं ते तुमचं तोंड बघून डॉक्टरांना ठरवू द्या. मधुमेह असेल, तंबाखू असेल किंवा औषधांनी तोंड कोरडं पडत असेल तर ते आधी सांगा.

घरात लहान मूल असेल तर साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे बोट फिरवून बघा. पहिली कायमची दाढ तिथे गुपचूप येते. काही पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या धाकटीची मी टॉर्च लावून शोधली, अर्धी हिरडीखालीच होती. पूर्ण वर आल्यावर डॉक्टरबाईंनी तिच्या खाचांवर सीलंटचा, म्हणजे कीड लागू नये म्हणून खाचा बुजवणारा, लेप दिला. सुई नाही, मशीन नाही. लेप सुकेपर्यंत तोंड उघडं ठेवायचं, एवढंच तिला अवघड गेलं.