बालगृहातून 18 व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाला रस्त्यावर येऊ द्यायचं नसेल तर

बालगृहात राहणारा कुणी मुलगा किंवा मुलगी तुमच्या ओळखीची असेल, तुम्ही तिथे शिकवायला जात असाल किंवा नुसती ये-जा असेल, तर एक करा, 18 व्या वाढदिवसाची वाट बघत बसू नका. सोळावं लागलं की कामाला लागा. कारण बाहेर पडल्यावर सगळं पत्त्यावर अडतं, खोली नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून कागद होत नाहीत आणि कागद नाहीत म्हणून नोकरी आणि खोली दोन्ही नाही.

आधी हे माहीत असू द्या की 18 झाले म्हणजे सरकारची जबाबदारी संपली असं अजिबात नाही. बाल न्याय कायदा 2015, त्याचं कलम 46 खास याच मुलांसाठी आहे, आणि 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे 21 पर्यंत आफ्टरकेअर, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरची मदत, मिळू शकतं, अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं. यात सहा ते आठ जणांनी एकत्र राहायची तात्पुरती सोय, ट्रेनिंग चालू असताना स्टायपेंड, शिक्षणाला मदत, समुपदेशन असं सगळं येतं. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेत त्यासाठी प्रत्येकी महिन्याला 4000 रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्रात या राहण्याच्या जागेला अनुरक्षणगृह म्हणतात. पण हे सगळं आपोआप होईल म्हणून थांबू नका, मागा, आणि लेखीच मागा. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती (मुलाला बालगृहात ठेवायची ऑर्डर हीच देते) या दोन ठिकाणी अर्ज द्या, पोच घ्या आणि अर्जात "18 नंतर राहायची सोय नाही" हे सरळ लिहा. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा असतो, त्यात पुढच्या राहण्याचं काय लिहिलंय ते अधीक्षकांना विचारा, नुसतं "पुनर्वसन" असा एक शब्द असेल तर कुठे, कधीपासून, कोणाच्या जबाबदारीवर, हे त्यात लिहून घ्या.

आता कागद. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, बाल कल्याण समितीच्या ऑर्डरची कॉपी, आधार, बँक पासबुक. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते एकेक अक्षर बोट ठेवून बघा. आईवडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्रासाठी महिला व बाल विकास विभागाकडे अर्ज करा, महाराष्ट्रात 2018 पासून शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे आणि त्याला हाच कागद लागतो. मतदार यादीसाठी 17 पूर्ण झाल्यावरच आगाऊ फॉर्म भरता येतो, तोही भरून टाका.

एक गोष्ट हमखास राहून जाते ती म्हणजे मोबाईल नंबर. आधारला आणि बँकेला नंबर बऱ्याचदा संस्थेतल्या कुणा कर्मचाऱ्याचा जोडलेला असतो, मग पोरगं बाहेर पडतं, बँकेत जातं, ओटीपी जातो भलत्याच फोनवर, आणि ज्यांचा तो नंबर आहे ते तोवर बदलून गेलेले असतात. म्हणून 18 झाल्या झाल्या स्वतःच्या नावावर सिम, आणि त्याच आठवड्यात आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलायचा.

खोली शोधताना घरमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला, घरी कोण कोण असतं? त्या प्रश्नाला मूल एकटं सोडू नका. तुम्ही सोबत जा, ओळख म्हणून तुमचा नंबर द्या, करार नीट वाचून दाखवा. मात्र करार आणि पावत्या त्याच्याच नावावर असू देत, उद्या पत्त्याचा पुरावा म्हणून त्याच लागतात. डिपॉझिट आधी द्यावं लागतं आणि पगार महिना भरल्यावर येतो, हा मधला महिना सगळ्यात वाईट, तेव्हा दोन महिन्यांचा खर्च आधीच जमवून ठेवा. नोकरी देणाराच राहायला जागा देतोय असं असेल तर जरा जपून, नोकरी गेली की छप्पर त्याच दिवशी जातं.

आणि ज्या मुलाचं उठणं, जेवण, झोप सगळं घंटेवर चाललंय त्याला एकदम "तुझं तू ठरव" म्हटलं की ते गोंधळणारच, त्यात त्याची चूक काही नाही. म्हणून सतराव्या वर्षापासूनच थोडे थोडे पैसे हातात देऊन बाजार करायला लावा, बँकेची स्लिप त्यालाच भरू द्या, दवाखान्यात केसपेपर त्यालाच काढू द्या, परवानगी अर्थात संस्थेची घेऊन. कुठे राहायचं, काय शिकायचं, कुणासोबत राहायचं हे त्याला विचारा, त्याचा निर्णय तुम्हाला पटला नाही तरी ऐकून घ्या. त्याचं एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवू नका, प्रेमापोटीसुद्धा नाही. आणि आमच्याकडे राहा असं भावनेच्या भरात बोलू नका, खरंच ठेवणार असाल तरच बोला, या मुलांनी अशी आश्वासनं खूप ऐकलेली असतात. त्यापेक्षा दर रविवारी एक फोन करा आणि तो कधीच चुकवू नका, सुट्टीत होस्टेल बंद झालं तर हा कुठे राहणार हे महिनाभर आधी विचारून ठेवा.

मूल 18 च्या आतलं असेल आणि त्याला आत्ताच कुणी बाहेर काढत असेल, मग ते संस्थेतून असो की घरातून, तर यातलं काही करत बसू नका, आधी 1098 या चाइल्डलाइनच्या, म्हणजे मुलांसाठीच्या मदतीच्या नंबरला फोन लावा.