डिझेल गाडीचे आयडल बिघडल्यास दोष कसा शोधावा

घोडबंदर रस्त्यावर सकाळी गाडीचा बराच वेळ उभे राहण्यातच जातो. त्यामुळे इंजिन आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, नीट चालत नसेल, तर ते ठाणेकराच्या लगेच लक्षात येते. मात्र गाडी थरथरते एवढ्यावरून इंजेक्टरचे, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाचे, नोझल बदलण्याचा निर्णय घेऊ नये. दोष स्वस्त जागेपासून महाग जागेकडे शोधत जावा, कारण चार इंजेक्टरांच्या खर्चाचे कारण पुष्कळदा डिझेल फिल्टरच्या सैल क्लिपमध्ये सापडते.

जुन्या डिझेल इंजिनांत पंपावरचा स्क्रू फिरवून रेस कमी-जास्त करता येत असे. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळते तिथे, आयडल संगणक ठरवतो, त्यामुळे पिळायला स्क्रूच नसतो. बहुतेक गाड्यांत गरम इंजिनाचे आयडल ७५० ते ८५० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा.

पहिली पायरी निरीक्षणाची आहे. गाडी सपाट आणि मोकळ्या जागेत उभी करावी, इमारतीखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये नव्हे. हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलला ठेवून आणि एसी बंद करून इंजिन चालू करावे व आरपीएमच्या काट्याकडे पाहावे. काटा स्थिर असून फक्त केबिन थरथरत असेल, तर इंजिनाचे फाउंडेशन (ज्यावर इंजिन टेकते ते रबरी आधार) दबले असण्याची शक्यता जास्त असते. क्लच दाबल्यावर आवाज किंवा थरथर बदलत असेल, तर मोर्चा फ्लायव्हीलकडे, म्हणजे क्लचला लागून असलेल्या जड चकतीकडे, वळवावा. थरथर ठरावीक तालात येत असेल, तर एखादा सिलिंडर कमी काम करतो आहे असे समजावे. काटा बेताल खाली-वर झुलत असेल, तर डिझेलमध्ये हवा शिरते आहे का किंवा रेलचा दाब टिकत नाही का, हे पाहावे. एसी लावताच काटा क्षणभर दबून सावरणे स्वाभाविक आहे; तो सावरत नसेल किंवा इंजिन बंद पडत असेल, तर मात्र दोष आहे.

दोष थंड इंजिनात दिसतो की गरम, याची नोंद अवश्य करावी. सकाळी मिस मारणारी (मधेच अडखळणारी) आणि पाच मिनिटांनी सुरळीत होणारी गाडी पांढरा धूर सोडत असेल, तर हिटर प्लग, म्हणजे थंड इंजिन चालू होताना सिलिंडर तापवणारे प्लग, तपासावेत. ठाण्याची थंडी ती काय, प्लग निकामी असला तरी गाडी चालू होतेच, म्हणून हा दोष दीर्घकाळ लपून राहतो. याउलट, थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर खडबडीत चालणाऱ्या, काळा धूर टाकणाऱ्या गाडीत ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने अर्धवट उघडा अडकल्याचा संशय घ्यावा. सतत कमी वेगात चालणाऱ्या शहरी गाडीत ही काजळी लवकर साचते.

त्यानंतर इंधनाकडे वळावे. फिल्टरखालच्या ड्रेनमधून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून स्थिर होऊ द्यावे. पाणी असल्यास ते तळाशी वेगळे दिसते. पावसाळ्यात ही तपासणी विशेष उपयोगाची आहे. फिल्टर तुंबला असेल, तर आयडलच्या आधी बहुधा घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुखच्या चढावर गाडीचा दम तुटतो. हवेची शंका असल्यास मेकॅनिककडून कमी दाबाच्या लाइनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा बसवून घ्यावा. इंजिन चालू असताना त्यात बुडबुडे सतत वाहत राहिले, तर टाकी आणि फिल्टर यांच्यामधले सांधे, क्लिपा व हँड प्रायमर (डिझेल हाताने चढवायचा छोटा पंप) तपासावेत. रेल आणि इंजेक्टर यांच्यामधल्या लोखंडी नळ्यांना मात्र चालू इंजिनात कधीही पाना लावू नये. तिथला दाब आयडलवरही शेकडो बार असतो आणि त्या दाबाने उडालेले डिझेल कातडीत शिरते.

एवढे करूनही कारण सापडले नाही, तर स्कॅनर लावावा. त्यात दिसणारे बिघाडाचे कोड पुसण्यापूर्वी लिहून घ्यावेत, मगच रेलचा अपेक्षित व प्रत्यक्ष दाब आणि प्रत्येक सिलिंडरची इंधन-दुरुस्ती, म्हणजे संगणक त्याला डिझेल किती कमी-जास्त देतो तो आकडा, पाहावी. एकाच सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा फार वेगळा असेल, तर बॅकलीक टेस्ट करून घ्यावी: प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी वेगळ्या बाटलीत सोडतात, आणि ज्याची बाटली इतरांपेक्षा लवकर भरते तो इंजेक्टर झिजलेला असतो. तोही ठीक निघाला, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर, तपासणे उरते.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ प्रदूषण-निकषाच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आयडल अचानक वाढले, पंखा जोरात फिरू लागला आणि जळका वास आला, तर तो बहुधा बिघाड नसून डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जाळण्याची क्रिया असते. त्या वेळी गाडी बंद न करता मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवावी. पहाटेचा सायन-पनवेल महामार्ग त्यासाठी बरा.

नवा इंजेक्टर बसवावा लागलाच, तर त्यावरचा कोड संगणकात भरला की नाही हे मेकॅनिकला विचारावे. पुष्कळ गाड्यांत तो भरल्याशिवाय नव्या भागावरही आयडल जुन्यासारखेच खडबडीत राहते.