मेडिकल फिजिक्सच्या क्लिनिकल इंटर्नशिपसाठी अर्ज कसा करावा

नाशिकमध्ये मेडिकल फिजिक्सच्या इंटर्नशिपची चौकशी करायला येणाऱ्या काही विद्यार्थ्यांना दरवर्षी परत पाठवावे लागते, आणि त्यांची हुशारी कमी पडली असे त्यामागचे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. कॉलेज रोडच्या किंवा गंगापूर रोडच्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केली, किरणोपचारात, म्हणजे कर्करोगावर किरणांनी करायच्या उपचारात, रस आहे, तेव्हा आता थेट रुग्णालयात वर्षभर काम शिकू, असे त्यांना वाटत असते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात, म्हसरूळला असल्यामुळे या पात्रतेचा निर्णयही तिथेच होत असेल, असाही अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात किरणोपचार विभागात मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे किरणांचा डोस मोजणारा आणि यंत्रे तपासणारा तज्ज्ञ, म्हणून कोण काम करू शकतो हे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या, किरणोपचारविषयक सुरक्षा संहितेने ठरते, आणि ती संहिता अर्जाच्या आधी वाचणे ही पहिली पायरी आहे.

संहितेने दोन वाटा सांगितल्या आहेत. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेल्याने त्यानंतर रेडिओलॉजिकल किंवा मेडिकल फिजिक्सची पदव्युत्तर पदविका घ्यावी. किंवा पदवीला भौतिकशास्त्र हा एक प्रमुख विषय असलेल्याने मान्यताप्राप्त विद्यापीठातून थेट मेडिकल फिजिक्समध्येच एम.एस्सी. करावी. दोन्ही वाटांच्या शेवटी सुसज्ज, मान्यताप्राप्त किरणोपचार विभागात किमान बारा महिन्यांची इंटर्नशिप आहे. अमेरिकेत यालाच समांतर असलेल्या प्रशिक्षणाला रेसिडेन्सी म्हणतात. पदविकेची सर्वांत जुनी आणि आपल्याला जवळची जागा म्हणजे मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथला रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा अभ्यासक्रम १९६२ पासून चालू आहे. ज्याच्याजवळ केवळ भौतिकशास्त्राची एम.एस्सी. आहे, त्याने आधी या किंवा अशाच अभ्यासक्रमासाठी अर्ज करावा. क्रम उलटा करून एखाद्या रुग्णालयात वर्ष काढले, तर ते वर्ष पात्रतेत धरले जाण्याची खात्री नसते, आणि हे वर्षाच्या शेवटी कळावे यासारखे दुःख नाही.

आता जागेची निवड. मोठ्या नावाचे रुग्णालय म्हणजे चांगली इंटर्नशिप, हे नेहमीच खरे नसते. मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या संस्थेत जितक्या प्रकारचे उपचार बघायला मिळतात तितके जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणार नाहीत, हे उघड आहे. पण मध्यम आकाराच्या विभागात शिकाऊ मुले कमी असल्यामुळे किरण मोजण्याचा चेंबर, त्याचे वाचन दाखवणारा इलेक्ट्रोमीटर आणि मोजमापासाठी शरीराऐवजी वापरायचा फॅन्टम तुमच्या स्वतःच्या हातात लवकर येतात. अर्ज करण्यापूर्वी विभागाला नम्रपणे काही गोष्टी विचाराव्यात. लिनॅक (विजेवर किरण निर्माण करणारे त्वरक यंत्र) किंवा कोबाल्ट यंत्राबरोबर ब्रॅकीथेरपी, म्हणजे किरणोत्सर्गी स्रोत गाठीच्या आत किंवा अगदी जवळ ठेवून करायचा उपचार, आहे का? यंत्रांचे परवाने चालू आहेत का आणि रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, म्हणजे आरएसओ, कोण आहे? अनुभवी फिजिसिस्ट किती आहेत? शिकाऊ उमेदवाराला क्यूए, म्हणजे यंत्रांची गुणवत्ता तपासणी, स्वतः करू देतात की केवळ नोंदवही भरायला बसवतात? उपचाराच्या प्लॅनिंगच्या संगणकावर सरावासाठी वेळ मिळतो का? विद्यावेतन ठिकाणपरत्वे बदलते आणि काही ठिकाणी ते मिळतच नाही, म्हणून त्याची चौकशीही संकोच न करता करावी. वर्षभर मुंबईत किंवा पुण्यात राहण्याचा खर्च घरच्यांशी आधी बोलून ठेवावा लागतो. विभागात ब्रॅकीथेरपी नसेल, तर त्या भागासाठी काही आठवडे दुसऱ्या केंद्रात पाठवण्याची सोय आहे का, हे जरूर विचारा, कारण वर्षाच्या अखेरीस ती उणीव भरून काढता येत नाही.

काही संस्था जाहिरात देऊन मुलाखती घेतात, तर काही विभागांत प्रमुखांना पत्र पाठवूनच सुरुवात होते. दोन्हीसाठी अभ्यासक्रम संपण्याच्या चार-सहा महिने आधी तयारी सुरू करावी.

कागदपत्रांपैकी गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रे आणि ओळखपत्र यांबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे, पण नावाचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. आपल्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आईचेही नाव असते, आधार कार्डावर स्वतःचे नाव आधी, आणि पासपोर्टवर आणखी तिसरी मांडणी. माझ्या स्वतःच्या अर्जाच्या वेळी वडिलांच्या नावाचे स्पेलिंग दोन कागदांवर वेगवेगळे होते, आणि ते जुळवण्यासाठी प्रतिज्ञापत्र करून घेण्यात जवळजवळ तीन आठवडे गेले. तोवर त्या ठिकाणची जागा भरली गेली होती. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींनी राजपत्रातील नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र आधीच जवळ ठेवावे. नियामक मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीत पुढे हेच नाव नोंदवले जाणार असते, तेव्हा जुळवाजुळव आताच करणे श्रेयस्कर. अभ्यासक्रमात असताना तुम्हाला टीएलडी बॅज (स्वतःला मिळालेला किरणांचा डोस नोंदवणारा, अंगावर लावायचा बिल्ला) मिळालेला असेल, तर त्याचा वैयक्तिक क्रमांक आणि आतापर्यंतच्या डोसची नोंदही अर्जासोबत द्या, कारण तो क्रमांक आयुष्यभर तुमच्याबरोबर चालतो आणि नवीन जागी नवीन बॅज त्याच क्रमांकावर घ्यावा लागतो.

शिफारसपत्र मोठ्या पदावरील व्यक्तीकडून घेण्याचा मोह होतो. विभागप्रमुखांनी तुम्हाला वर्गात पन्नास जणांत पाहिले असेल, पण ज्या शिक्षकांनी तुमचा प्रकल्प तपासला, तुमचे आकडे खोडून पुन्हा करायला लावले, त्यांचे साधे पत्र जास्त कामाचे असते. त्यांना पत्र मागताना तुमच्या प्रकल्पाचा एक पानी सारांश आणि अर्जाची शेवटची तारीख द्या. आठवडाभर आधी तरी मागा.

अर्जासोबतच्या निवेदनावर मात्र सर्वांत जास्त वेळ घालवला पाहिजे. अर्ज वाचणारा माणूस एकच गोष्ट शोधत असतो: या व्यक्तीने दिलेल्या आकड्यावर रुग्णाच्या उपचारासाठी विसंबून राहता येईल का. 'लहानपणापासून कर्करोगाच्या रुग्णांची सेवा करण्याची माझी इच्छा होती' हे वाक्य मनापासून लिहिलेले असेलही, पण त्यातून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी तुम्ही स्वतः केलेले एखादे मोजमाप आणि त्यात झालेली चूक लिहा. एका विद्यार्थिनीने आपल्या निवेदनात लिहिले होते की ६ एमव्ही (मेगाव्होल्ट) किरणांची गुणवत्ता, म्हणजे भेदकता, मोजताना तिला टीपीआर २०,१० चे (पाण्यात २० आणि १० सेंटिमीटर खोलीवरील डोसच्या गुणोत्तराचे) मूल्य ०.५८ मिळाले, अपेक्षा ०.६७ च्या आसपास होती. मग तिच्या लक्षात आले की पाण्याचा पृष्ठभाग एका जागी ठेवून तिने चेंबर खोल नेला होता, त्यामुळे स्रोतापासूनचे अंतर बदलत गेले आणि हाती आले ते खोलीनुसारच्या टक्केवारी डोसचे गुणोत्तर. टीपीआरसाठी चेंबरचे अंतर स्थिर ठेवून वरच्या पाण्याची उंची बदलायची असते. तिने पुन्हा मोजले आणि आकडा बरोबर आला. पाच ओळींच्या या मजकुराने जे कळले, ते दोन पाने भरून लिहिलेल्या आवडीनिवडींतून कळले नसते. आपली चूक कबूल करायला भिऊ नका. आपली चूक शोधता न येणारा उमेदवार या कामात धोक्याचा ठरतो. ज्याला ती सापडते आणि दुरुस्त करता येते त्याच्यावर विभाग विश्वास टाकतो.

असे का म्हणतो, ते एका प्रसंगाने सांगणे बरे. शिकत असताना एकदा मी लिनॅकचे मासिक आउटपुट, म्हणजे ठरलेल्या मांडणीत यंत्र किती डोस देते ते, मोजत होतो. हवेला उघडे असलेल्या चेंबरच्या वाचनाला तापमान आणि दाबाची दुरुस्ती लावावी लागते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या टीआरएस-३९८ या मार्गदर्शिकेनुसार २० अंश सेल्सिअस आणि १०१.३२५ किलोपास्कल ही संदर्भस्थिती धरतात. भिंतीवरचा बॅरोमीटर दुरुस्तीला गेला होता, म्हणून मोबाइलवरील हवामानाच्या ॲपमधून दाब घेतला: १०१२ हेक्टोपास्कल. गणित झाले, आणि यंत्राचे आउटपुट सात टक्क्यांनी कमी भरले. मासिक तपासणीत दोन टक्क्यांपलीकडचा फरक चालत नाही, तेव्हा आउटपुट वाढवून घेण्याची नोंद करण्यासाठी मी वही उघडली. वरिष्ठांनी फक्त एवढेच विचारले, 'नाशिक समुद्रसपाटीवर आहे का?' ॲप जो दाब दाखवते तो समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. नाशिक सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे, आणि इथे खोलीतला खरा दाब साधारण ९४० ते ९५० हेक्टोपास्कल असतो. खोलीत तेव्हा २२ अंश तापमान होते. ९४६ हा दाब धरल्यावर दुरुस्तीचा गुणक १.००८ ऐवजी १.०७८ आला आणि यंत्र अगदी ठीक होते. त्या दिवशी आउटपुट वाढवले असते, तर पुढच्या प्रत्येक रुग्णाला ठरल्यापेक्षा सात टक्के जास्त डोस गेला असता, आणि पडद्यावर सगळे आकडे मात्र बरोबर दिसले असते. नाशिकला किंवा पुण्याला अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मुलाखतीला जाण्यापूर्वी वहीत स्वतः मांडून बघावी.

मुलाखतीत असेच प्रश्न येतात. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे, हे सगळ्यांना पाठ असते. पण उपचाराच्या वेळेचा गेल्या महिन्याचा तक्ता या महिन्यात वापरला तर काय होईल, असे विचारले की गोंधळ उडतो. तीव्रता महिन्याला सुमारे १.१ टक्क्याने घटते, म्हणून उपचाराचा वेळ तेवढ्याच प्रमाणात वाढवावा लागतो. इरिडियम-१९२ चे अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस, म्हणजे ते दिवसाला जवळजवळ एक टक्का घटते, म्हणून ब्रॅकीथेरपीत तारीख आणि स्रोताची तीव्रता दोनदा तपासल्याशिवाय प्लॅन पुढे जात नाही. कोबाल्टचा स्रोत उपचारानंतर यंत्राच्या कवचात परत आत गेला नाही तर काय कराल, हा प्रश्न हमखास येतो. उत्तराची सुरुवात यंत्रापासून करू नका. आणीबाणीचे बटण दाबून स्रोत आत जात नसेल, तर स्वतः किरणांच्या मार्गात न येता रुग्णाला बाहेर काढणे, दार बंद करणे, आरएसओला कळवणे, आणि मग बाकीचे. किरणोत्सर्गाशी काम करणाऱ्यांसाठी आपल्या देशात पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे, हेही स्पष्ट सांगता आले पाहिजे. उत्तर येत नसेल तर तसे सांगावे. अंदाजाने एकक बदलून दिलेले उत्तर लगेच कळून येते.

मुंबईला मुलाखत असेल तर प्रवासाचाही हिशेब करा. पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिक रोडहून निघाली, तरी दादरला उतरेपर्यंत साडेदहा होतात, आणि टाटा रुग्णालयात, परळला, नऊ वाजता बोलावले असेल तर ती गाडी उपयोगाची नाही. आदल्या संध्याकाळी जाणे आणि रात्री नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात थांबणे हाच सरळ उपाय आहे. भाभा केंद्राच्या कामासाठी अणुशक्तीनगरला जायचे असेल तर मानखुर्द स्थानकाहून पुढे जाता येते, पण प्रवेशद्वारावर ओळखपत्राची तपासणी होते, तेव्हा वेळ हाताशी ठेवा.

परदेशाची वाट धरणाऱ्यांना थोडक्यात सांगतो. अमेरिकेत ही रेसिडेन्सी साधारण दोन वर्षांची असते, २०१५ पासून बहुतेक जागा मॅच या पद्धतीने भरल्या जातात, आणि त्यात उमेदवार व संस्था दोघेही आपापली पसंतीची यादी देतात. तिथल्या बोर्डाच्या परीक्षेसाठी कॅम्पेप या संस्थेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि रेसिडेन्सी लागते, त्यामुळे इथल्या एम.एस्सी.वर थेट रेसिडेन्सी मिळेल असे गृहीत धरू नये. आधी तिथला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, आणि मग अर्ज, असा तो क्रम आहे.

निवड झाल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी करून घ्या. पहिली, बॅज मिळेपर्यंत नियंत्रित क्षेत्रात काम सुरू करू नका, मग कोणी कितीही घाई करो. दुसरी, एक वही ठेवा आणि त्यात रोज काय मोजले, कोणाच्या देखरेखीखाली, कोणत्या उपकरणाने, हे तारखेसह लिहा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००९ मध्ये किरणोपचारातील मेडिकल फिजिसिस्टच्या क्लिनिकल प्रशिक्षणासाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत कामाची विभागणी दिली आहे. आपल्या वहीतील कोणता भाग रिकामा राहतो आहे हे तिच्याशी ताडून पाहता येते. बारा महिने पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विभागातील यंत्रांची नावे आणि देखरेख करणाऱ्या फिजिसिस्टची सही आहे ना, हे तिथेच उभे राहून तपासा, कारण पुढे आरएसओच्या परीक्षेला बसताना आणि ई-लोरावर नोंदणी करताना हाच कागद मागितला जातो, आणि विभागातील माणसे बदलल्यानंतर तो दुरुस्त करून घेणे फार अवघड होते.