तारीख पक्की नाही आणि विमानाने जायचंय? या चुका टाळा

नागपुरात आमच्या वडिलोपार्जित घराचा दावा चालू आहे आणि मी राहतो डोंबिवलीत. दीड-दोन महिन्यांनी एक फेरी ठरलेली, फक्त दिवस ठरलेला नसतो. आदल्या संध्याकाळी वकीलसाहेबांचा फोन येतो, "उद्या बोर्ड मोठा आहे, नंबर लागणार नाही. पुढची तारीख घेतो." तोवर तिकीट काढून झालेलं असतं. तीन वर्षांत तिकीट बदलण्या-रद्द करण्याच्या दंडापायी जे पैसे गेले, त्यातले निम्मे तरी कोर्टामुळे नव्हे, माझ्याच चुकांमुळे गेले.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे सर्वांत कमी भाडं बघून कंपनी ठरवणं. एकाच विमानातल्या एकाच प्रकारच्या सीटला दोन-तीन भाडी असतात. एअर इंडियाकडे व्हॅल्यू, क्लासिक, फ्लेक्स. इंडिगोकडे साधं भाडं आणि फ्लेक्सी प्लस. समजा साधं तिकीट 4,500 रुपये, तारीख बदलायला सवलत असलेलं 5,300 आणि साध्या तिकिटावर बदलाचा दंड 3,000. चार फेऱ्यांत तारीख एकदाच हलली, तर साधंच बरं: दंड 3,000, सवलतीसाठी जादा मोजले असते 3,200. दोनदा हलली की दंड 6,000 वर जातो. म्हणून कंपन्यांची तुलना करण्याआधी जुने मेसेज चाळा आणि आपली तारीख चारातून किती वेळा हलते ते मोजा. माझी दोनदा हलते.

"तारीख बदल मोफत" या शब्दांवर मीही भाळलो होतो. माफ होतो तो दंड. भाड्यातला फरक भरावाच लागतो. तारीख महिनाभर पुढे गेली तर हा फरक बहुधा किरकोळ असतो, कारण लांबची तिकिटं स्वस्त असतात. खरा फटका परतीला बसतो. काम एका दिवसाने लांबलं की 5,300 चं तिकीट उद्याच्या 9,000 च्या विमानावर न्यायचं, म्हणजे 3,700 खिशातून. त्यामुळे परतीसाठी मी भाड्याआधी उड्डाणांची संख्या बघतो आणि शेवटच्या विमानाचं तिकीट काढतो. जिथे दिवसाला एकच विमान आहे तिथे तारीख बदलायची सवलत असून नसून सारखीच.

जाण्या-येण्याचं तिकीट एकत्र काढू नका. एकाच पीएनआरवर जाताना तुम्ही विमानात बसला नाहीत, तर परतीची जागाही रद्द होऊ शकते. देशांतर्गत प्रवासात एकत्र काढून फारसं वाचतही नाही.

जायचं रद्द झालं की तिकीट तसंच सोडून देणं, ही तर निव्वळ आळसाची चूक. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) नियमाप्रमाणे रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. विमानतळ वापर शुल्कासारख्या रकमा, तुम्ही गेलाच नाहीत तरी आणि तिकीट "नॉन-रिफंडेबल" असलं तरी, परत मिळतात. मागाव्या मात्र लागतात. पैशांऐवजी क्रेडिट शेल, म्हणजे त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवलेली रक्कम, घ्यायचं की नाही, हेही प्रवाशानेच ठरवायचं असतं. एका कंपनीने माझी रक्कम न विचारता तिथे टाकली होती. नियम दाखवून मेल केल्यावर खात्यात आली.

तिकीट कंपनीच्याच वेबसाइटवर काढा. मधल्या साइट रद्द करताना वर आपलाही आकार लावतात आणि सुविधा शुल्क परत देत नाहीत. शिवाय थेट काढलेलं तिकीट पहिल्या 48 तासांत दंडाशिवाय रद्द करता किंवा बदलता येतं; अट एवढीच की देशांतर्गत उड्डाण किमान 7 दिवस लांब हवं. तारीख कळल्या कळल्या तिकीट काढून मग वकिलांशी बोलायला तेवढा वेळ पुरतो.

पॉइंट्ससाठी एकाच कंपनीला चिकटून राहणं मी सोडलंय. वर्षाला सात-आठ फेऱ्यांत असे किती जमणार? डिसेंबर 2025 मध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांच्या नव्या नियमांशी वेळापत्रक जुळलं नाही आणि इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. अशा दिवशी त्याच मार्गावर दुसऱ्या कंपनीचं विमान आहे का, एवढाच प्रश्न उरतो. नसेल तर गाडी: नागपूरसाठी विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतो, तीही जागा मिळाली तर.

आणि हो, 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. तारीख बदलताना घाईत विमानतळही बदलला जाऊ शकतो. पनवेलकराला ते उशाशी आहे, पण बोरिवलीहून पहाटेच्या विमानासाठी निघायचं तर रात्रीच उठावं लागेल. पैसे भरण्याआधी विमानतळाचं नाव एकदा वाचा.