कंस, खालचा आकडा आणि एकक: मार्क जातात ते इथेच

रामटेकजवळ मनसरच्या खाणीतून निघतं ते मँगनीज. त्याची संज्ञा, म्हणजे रसायनशास्त्रातलं अक्षरी चिन्ह, मोठा एम, लहान एन. मॅग्नेशियमची मोठा एम, लहान जी. नावं सारखी वाटतात म्हणून संज्ञेची अदलाबदल फार होते. दुसरं अक्षर कायम लहानच काढा. मोठा सी, लहान ओ म्हणजे कोबाल्ट. दोन्ही मोठी झाली की तो कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू.

रेणुसूत्रात खाली लिहिलेला आकडा लगेच डावीकडच्या संज्ञेपुरता असतो. डावीकडे कंस असेल, तर कंसातल्या सगळ्यांना लागतो. सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून विरी गेलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड घेऊ. कॅल्शियमची संयुजा, म्हणजे दुसऱ्याशी जोडलं जाण्याची क्षमता, २, हायड्रॉक्साइडची १. तिरकस गुणाकार केला, म्हणजे एकाची संयुजा दुसऱ्याच्या खाली लिहिली की कॅल्शियम १, हायड्रॉक्साइड २. ओएच, म्हणजे हायड्रॉक्साइड, कंसात घाला आणि २ कंसाबाहेर, खाली लिहा. रेणुवस्तुमान (कॅल्शियम ४०, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १ धरून): ४० + २ × (१६ + १) = ७४. कंस लिहायचा राहून गेला, तर २ फक्त हायड्रोजनला लागतो आणि येतं ४० + १६ + २ = ५८. वहीत ५८ दिसलं की पुढे सोडवत बसू नका, आधी कंस शोधा.

समीकरण संतुलित करताना मात्र खालच्या आकड्याला हात लावायचा नाही. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून पाण्याच्या सूत्रात ओखाली २ लिहिलात, तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. आकडा सूत्राच्या आधी लावा: हायड्रोजनचे २ रेणू, ऑक्सिजनचा १, पाण्याचे २.

भौतिकशास्त्रात घोळ एककाचा. समृद्धी महामार्गावर गाडी ताशी १२० किमी वेगानं धावतेय आणि ब्रेकवर पाय जायला १ सेकंद लागला. तेवढ्यात गाडी किती पुढे गेली? १२० × १ करून १२० मीटर लिहिणारे बरेच. पण वेग तासाचा, वेळ सेकंदाची. असा गुणाकार चालत नाही. किलोमीटरचे १००० मीटर, तासाचे ३६०० सेकंद, म्हणून आधी ५/१८ नं गुणा: सेकंदाला ३३.३ मीटर. उत्तर, सुमारे ३३ मीटर.

मे महिन्यातल्या कूलरचंही तसंच. २०० वॉटचा कूलर १२ तास चालला, तर २०० × १२ = २४०० वॉट-तास; १००० नं भागा, २.४ युनिट. ज्यूलमध्ये विचारलं तर १२ तासांचे ४३,२०० सेकंद करा: २०० × ४३,२०० = ८६,४०,००० ज्यूल. ताळा सोपा आहे: १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, त्याला २.४ नं गुणून बघा.