खात्याबद्दलचा मेल, मेसेज किंवा फोन खरा की भामट्याचा? असं तपासा

'तुमचं खातं आज रात्री बंद होणार आहे, केवायसी अपडेट करा' असा मेल आला की आपण तो घरच्या ग्रुपवर टाकतो आणि विचारतो, 'खरा आहे का हो हा?' चार जण चार मतं देतात. पूर्वी शुद्धलेखनाच्या चुका बघून निकाल लावता यायचा. आता भामटे एआयकडून नीटनेटका मजकूर लिहून घेतात आणि लोगो तर कुणीही चिकटवू शकतो. (उलट काही बँकांचे खरे मेसेजच असे असतात की संशय यावा.) त्यामुळे मेलचा चेहरा वाचत बसण्यापेक्षा सरळ खात्यात जाऊन बघणं सोपं पडतं.

पायरी १: लिंकला हात न लावता आपल्या वाटेने जा

मेल बाजूला ठेवा. बँकेचं असेल तर फोनमधलं बँकेचं अ‍ॅप उघडा किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. 'तुमच्या गूगल खात्यात कुणीतरी शिरलं' असा मेल असेल तर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जा. अलीकडे कुठून, कोणत्या उपकरणावरून लॉगिन झालं ते तिथे दिसतं. आयकर खात्याची नोटीस असेल तर तिच्यावरचा 'डीआयएन' क्रमांक ई-फायलिंग पोर्टलवर टाकून ती खरीच खात्याने काढली आहे का, हे लॉगिन न करताही कळतं.

एक पथ्य पाळा: कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. भामटे आपले नंबर नेमके तिथेच पेरून ठेवतात.

पायरी २: पत्ता उजवीकडून वाचा

पाठवणाऱ्याचं नाव म्हणून जे ठळक दिसतं ते कुणीही काहीही टाकू शकतो. फोनवर त्या नावावर टिचकी मारली की खाली खरा ईमेल पत्ता उघडतो. त्यातला 'अ‍ॅट'च्या पुढचा भाग महत्त्वाचा. लिंकच्या बाबतीत सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून त्यानंतरची पहिली एकटी तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत या. समजा, पत्ता असा आहे: 'तुमचीबँक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-तपासणी डॉट कॉम'. सुरुवातीला बँकेचं नाव बघून आपण निवांत होतो. पण या पत्त्याचा मालक आहे 'केवायसी-तपासणी डॉट कॉम'. त्याच्या डावीकडे तो वाट्टेल ते लिहू शकतो.

'बँक डॉट इन' हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइट या शेपटीच्या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं आणि ही शेपटी फक्त बँकांनाच मिळते. मात्र ती शेवटी हवी, मध्ये नको. आणि टिंबाच्या जागी आडवी रेघ असेल तर ती दुसऱ्याच कुणाची तरी साइट आहे. इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी ठेवून 'एम'चा भास निर्माण करणं ही जुनीच युक्ती, अजून चालते.

पत्ता खोटा निघाला तर विषय संपला. पण पत्ता खरा निघाला म्हणून मजकूर खरा, असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये भामट्यांनी गूगलच्याच यंत्रणेतून तयार झालेला, गूगलचीच डिजिटल सही असलेला मेल लोकांना पुढे पाठवल्याचं उघड झालं होतं. म्हणून पहिली पायरी कधीच गाळू नका.

पायरी ३: मेसेजमधली घाई तपासा

महाराष्ट्रात वीजबिलाचा मेसेज अनेकांना आला असेल: 'मागील महिन्याचं बिल अपडेट नसल्याने आज रात्री ९.३० वाजता वीज तोडली जाईल. ताबडतोब वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधा', आणि खाली दहा आकडी मोबाइल नंबर. आता बघा. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि महावितरणचा मेसेज कुणाच्या मोबाइल नंबरवरून येत नाही, 'एमएसईडीसीएल' या नावाने येतो. त्या 'अधिकाऱ्या'ला फोन केलात तर तो दहा-वीस रुपये भरायला सांगतो आणि त्यासाठी एखादं अ‍ॅप टाकायला लावतो. त्या अ‍ॅपमधून तुमची स्क्रीन त्याला दिसते, पिन टाकतानासुद्धा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं आरटीओचं चलान किंवा लग्नपत्रिका 'एपीके' फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल असेल तर उघडू नका. चलान किंवा पत्रिका बघायला अ‍ॅप कशाला लागतं?

पायरी ४: फोन असेल तर ठेवून द्या

वाईट वाटून घेऊ नका, खरोखर ठेवून द्या. मग आपण होऊन बँकेला फोन करा. व्यवहाराच्या, सेवेच्या फोनसाठी बँकांना १६०० ने सुरू होणारे नंबर नेमून दिले आहेत; साध्या मोबाइल नंबरवरून बोलणारा 'मॅनेजर' संशयास्पदच. यूपीआयचा पिन पैसे येण्यासाठी कधीही लागत नाही. 'स्टार ४०१ स्टार' आणि पुढे अमुक नंबर डायल करा म्हणाला, तर तो तुमचे फोन स्वतःकडे वळवून घेतोय. पोलीस किंवा सीबीआयच्या नावाने व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करत असेल, तर अशी अटक कायद्यात नाहीच.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे फोन चालू असतानाच आलेला ओटीपी. तो मेसेज खरा असतो, बँकेनेच पाठवलेला. फक्त मागवलेला असतो त्या भामट्याने. ओटीपीचे सहा आकडे उचलण्याआधी संपूर्ण मेसेज वाचा. किती रकमेसाठी, कशासाठी, हे बहुतेकदा त्यातच लिहिलेलं असतं.

पायरी ५: चूक झालीच असेल तर

स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकलं असेल तर इंटरनेट बंद करा आणि पुढचे फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करा. आधी बँक, लगेच १९३०. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन, इथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. लाज वाटते म्हणून सकाळपर्यंत थांबणारे बरेच असतात. तेवढ्यात पैसा चार खाती ओलांडून गेलेला असतो. बँकेकडून तक्रार क्रमांक घ्याच. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ठरवून दिलं, की ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणजे कळवल्याची वेळ कागदावर हवी.

पैसे गेले नाहीत, नुसताच खोटा फोन किंवा मेसेज आला, तर 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवरच्या 'चक्षू' या तक्रार सुविधेत कळवा.

आणि मेलचा पासवर्ड दिला असेल तर तो बदलून थांबू नका. सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, मग सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघा. चोर तिथे स्वतःचा पत्ता घालून ठेवतो, आणि पासवर्ड बदलल्यावरही तुमचे मेल त्याच्याकडे जात राहतात.